चेक इंजिन लाइट उडवली तरी परत येतेय? किती वेळाने येतेय ते आधी बघा

मीटरमध्ये तो पिवळा इंजिनाचा दिवा लागलाय, गॅरेजला जाऊन उडवून आणलाय आणि आठवड्याभरात परत लागलाय, अशी ज्यांची गत आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. माझ्या गाडीची लाइट ४ महिन्यांत ३ वेळा क्लिअर झाली, मध्ये एक ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या पाइपात बसून मिश्रण पातळ की घट्ट ते सांगणारा) बदलून झाला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करून झाली, आणि शेवटी दोष निघाला ३४० रुपयांच्या एका रबरी नळीत. पैसे गेले ते गेले, पण दोष कुठे आहे ते पहिल्या दिवसापासून गाडी स्वतःच सांगत होती आणि दर वेळी आम्ही ते न वाचताच पुसून टाकत होतो, ही गोष्ट मला जास्त लागली.

गाडी २०१४ ची पेट्रोल सेडान, नाशिकला रोजचं ऑफिस आणि महिन्यातून एक-दोनदा कसारा घाट उतरून मुंबई. पहिल्यांदा लाइट आली ती द्वारका सर्कलच्या सिग्नलला उभा असताना. गाडी नीट चालत होती, पिकअप तोच, अ‍ॅव्हरेज किंचित कमी, एवढंच. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, "पी ०१७१ आहे, सेन्सर गेलाय" म्हणाला आणि तिथल्या तिथे कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला दोषाचा नंबर, उडवला. ४ दिवसांनी परत. मग पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, परत कोड उडवला, ५ दिवसांनी परत. तिसऱ्या वेळी दुसऱ्या मिस्त्रीने थ्रॉटल बॉडी साफ केली आणि बॅटरीचं टर्मिनल अर्धा तास काढून ठेवलं, त्याने लाइट गेली खरी पण गाडी आयडलचं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन संथ चालू ठेवायचं, सगळं शिकलेलं विसरली आणि पुढचे २ दिवस प्रत्येक सिग्नलला बंद पडत होती, आणि लाइट परत आलीच. तेव्हा ठरवलं की आता स्वतः समजून घ्यायचं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कोड क्लिअर करणं म्हणजे ईसीएमच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, वहीतलं पान फाडणं. त्या पानावर फक्त कोड नसतो. कोड पहिल्यांदा पकडला त्या क्षणी गाडी कशी होती याची एक नोंद असते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: आरपीएम किती, स्पीड किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर लोड किती, फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोलमध्ये करत असलेली कमी-जास्त) किती. क्लिअरचं बटण दाबलं की कोडबरोबर हेही जातं, आणि गाडीने आतापर्यंत स्वतःच्या ज्या तपासण्या पूर्ण केल्या असतात, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्या सगळ्या परत शून्यावर येतात. म्हणजे दोष जागेवरच, फक्त पुरावा गेला. माझ्या गाडीचा पुरावा ३ वेळा गेला.

आता मुख्य मुद्दा. लाइट क्लिअर केल्यावर ती किती वेळाने आणि कशा परिस्थितीत परत येते, हेच अर्धं निदान आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. का, तर ईसीएम प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या वेळी तपासतं. चावी ऑन केल्या केल्या किंवा मिनिटाभरात लाइट परत आली तर बहुतेक वायरिंगचा मामला असतो, कुठलं तरी कनेक्टर सुटलंय, वायर तुटलीय किंवा सेन्सरचं सर्किट उघडं पडलंय, कारण सर्किट ओपन आहे का शॉर्ट हे ईसीएम सतत बघत असतं, त्याला गाडी चालवून बघायची गरज नाही. स्टार्ट केल्यावर काही मिनिटांत आली आणि कोड पी ०१३५ सारखा असेल तर ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरकडे किंवा त्याच्या फ्यूजकडे बघा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला, एक-दोन दिवसांत किंवा ४-५ दिवसांत आली तर तो टू ट्रिपवाला कोड असतो: पहिल्या ट्रिपला दोष दिसला की ईसीएम तो पेंडिंगमध्ये टाकून ठेवतं, लाइट लावत नाही, लगेच पुढच्या ट्रिपलाही तोच दिसला तरच लाइट लावतं. पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचे कोड, पी ०१७१ आणि पी ०१७२, बहुतेक असेच येतात. आणि आठवडा-दोन आठवडे शहरात काही नाही पण हायवेवर एकसारख्या स्पीडने लांब गेलात की लाइट, असं असेल तर पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या पाइपातल्या धूर साफ करणाऱ्या डब्याची) तपासणी असण्याची शक्यता जास्त, कारण ती तपासणी इंजिन आणि कन्व्हर्टर पूर्ण गरम होऊन गाडी बऱ्यापैकी एका चालीत चालली तरच पूर्ण होते.

म्हणून क्लिअर केलं की ट्रिप मीटर शून्य करा आणि परत कधी आली ते किलोमीटरसकट लिहून ठेवा. मी नंतर आठवून लिहून काढलं तेव्हा लक्षात आलं की माझी लाइट घाटात कधीच आली नव्हती, तिन्ही वेळा शहरात, उभ्या गाडीत आली होती. मोठा धागा होता तो, मला तेव्हा कळला नाही.

स्कॅनरचं म्हणाल तर ईएलएम ३२७ नावाचं ब्लूटूथचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, ५०० ते १००० रुपयांत घरच्या कामापुरतं मिळून जातं. आयफोन असेल तर वायफायवालं किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवालं घ्या, साधं ब्लूटूथवालं त्याला चालत नाही. अगदी स्वस्तातल्या काही नकली यंत्रांमध्ये सगळ्या कमांड नसतात आणि कनेक्शन मध्येच तुटतं, तसं झालं तर गाडीला दोष देऊ नका. १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (जिथे स्कॅनर जोडतात ते) बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर असतं, काहींत फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे. त्यातल्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट कायम चालू असतो म्हणून यंत्र रात्रभर लावून ठेवू नका, आणि यंत्र पेटलंच नाही तर आधी त्या सॉकेटचा फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत तो सिगारेट लायटरच्या लाइनवरच असतो. भारतात ओबीडी २ आपल्याकडच्या नव्या गाड्यांना २०१३ पासून लागू आहे, त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर हे यंत्र चालायला अडचण यायला नको. फक्त एबीएस आणि एअरबॅगचे दिवे वेगळे, ते या साध्या यंत्राने बहुतेक वेळा दिसत नाहीत.

पेअर करताना पिन विचारला तर १२३४ किंवा ०००० टाकून बघा. चावी ऑन करा, इंजिन बंद ठेवा, अ‍ॅप जोडा आणि क्लिअरच्या बटणाकडे अजिबात जाऊ नका. आधी स्टोअर्ड कोड, मग पेंडिंग कोड, मग फ्रीझ फ्रेम, तिन्हींचे स्क्रीनशॉट काढा. गॅरेजमध्ये असाल तर मिस्त्रीला आधीच सांगा, "दादा, उडवू नका, मला फोटो काढू द्या." कुणी नाही म्हणत नाही.

चौथ्यांदा लाइट आली तेव्हा मी हे केलं. फ्रीझ फ्रेममध्ये होतं: स्पीड ०, आरपीएम ७२०, कूलंट ९१ डिग्री, लाँग टर्म ट्रिम अधिक २३ टक्के, शॉर्ट टर्म अधिक ८ टक्के. म्हणजे इंजिन पूर्ण गरम, गाडी उभी, आयडलला, आणि ईसीएम ठरल्यापेक्षा ३० टक्क्यांच्या आसपास जास्त पेट्रोल ओततंय तरी मिश्रण पातळच आहे. पी ०१७१ चा अर्थ एवढाच आहे, की मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. तो कोड ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं कुठेही म्हणत नाही. उलट सेन्सर आपलं काम करतोय, पातळ आहे ते तो नीट सांगतोय, आणि आम्ही सांगणाऱ्यालाच बदलून टाकलं.

ट्रिम म्हणजे काय ते थोडं नीट सांगतो कारण सगळं इथेच आहे. शॉर्ट टर्म म्हणजे ईसीएम या क्षणाला करत असलेली दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेली सवयीची दुरुस्ती, दोघांची बेरीज करायची. बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. आता इंजिन गरम करून आयडलला बेरीज बघा आणि मग गाडी उभी ठेवूनच अ‍ॅक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमला अर्धा मिनिट धरून बघा. आयडलला भरपूर अधिक आणि २५०० ला जवळजवळ नॉर्मल असेल तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय, कारण आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यात भोकातून येणारी हवा खूप मोठा वाटा होते, आणि आरपीएम वाढला की तेवढीच हवा किरकोळ ठरते. उलट आयडलला ठीक आणि चढावर, लोडवर अधिक होत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर, पंप, प्रेशर बघा, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. माझं आयडलला २१ अधिक ६ म्हणजे २७, आणि २५०० ला ५ अधिक १ म्हणजे फक्त ६ आलं. चोरटी हवा.

इथे एक फरक लक्षात ठेवा, मला तो नंतर कळला आणि फार महत्त्वाचा आहे. वरचा हिशोब मास एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीचा आहे, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याच्या पुढेच हवा मोजणारा सेन्सर असतो त्या गाडीचा. त्याच्या पुढे कुठूनही हवा शिरली तर ती मोजलीच जात नाही आणि मिश्रण पातळ होतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा सेन्सर नसतो, मॅनिफोल्डमधलं, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपातलं, प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर असतो, आणि तिथे चोरटी हवा आली तर प्रेशर वाढलेलं त्याला दिसतं, तो पेट्रोलही वाढवतो, म्हणून कोड न येता नुसता आयडल वाढतो. तेव्हा मॅपवाल्या गाडीत पी ०१७१ आला तर नळ्या शोधत बसण्याआधी पेट्रोलचं प्रेशर, इंजेक्टर आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला कुठे लीक आहे का ते बघा.

तर चोरटी हवा शोधायची कशी. बरेच जण गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघतात. मी ते करू नका म्हणेन, तो स्प्रे पेट घेतो आणि बाजूलाच एक्झॉस्ट तापलेला असतो. चांगल्या गॅरेजमध्ये स्मोक मशीन असतं, इनटेकमध्ये धूर सोडतात आणि धूर जिथून बाहेर येतो तिथे भोक, हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. माझ्याकडे ते नव्हतं. मी गाडी आयडलला ठेवली, फोनवर शॉर्ट टर्म ट्रिमचा आकडा उघडा ठेवला आणि मॅनिफोल्डला जाणारी एकेक रबरी नळी पकडीला जाड फडकं गुंडाळून हलकेच दाबत गेलो. ब्रेक बूस्टरची नळी मात्र चालत्या गाडीत कधीही दाबू नका, तपासायला गाडी एका जागीच उभी पाहिजे, हँडब्रेक लावलेला, आणि हात-बाह्या बेल्ट-पंख्यापासून लांब. पहिल्या २ नळ्यांना काही झालं नाही. तिसरी, व्हॉल्व्ह कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) मॅनिफोल्डला जाणारी, ऑइलची वाफ परत इंजिनात नेणारी पीसीव्हीची नळी, मॅनिफोल्डच्या अगदी तोंडाशी दाबली आणि आकडा अधिक ६ वरून ५-६ सेकंदांत उणे १७ वर गेला. लाँग टर्म अजून जुन्या सवयीने २१ टक्के जास्त ओतत होता आणि चोरटी हवा अचानक थांबली, म्हणून शॉर्ट टर्मला तेवढं काढून घ्यावं लागलं. तो आकडा उतरताना बघितला तेव्हा ४ महिन्यांची सगळी डोकेदुखी एका क्षणात समजली.

नळी वरून बघितली तर अगदी धड. बोट खालून फिरवलं तर ऑइलने चिकट आणि मऊ लागली, खाली फोन सरकवून फ्लॅश लावून व्हिडिओ काढला तेव्हा कोपऱ्याच्या वळणावर, पोटाकडून, नखाएवढी चीर दिसली. इंजिन बंद असताना चीर मिटलेली असते, चालू केलं की आतल्या ओढीने उघडते आणि कान जवळ नेला तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. ऑइलच्या वाफेने हे रबर असंच फुगून सडतं. ८-१० वर्षांची गाडी असेल तर ही नळी आवर्जून बघा. चिकटपट्टी किंवा सीलंट लावू नका, ऑइल लागलेल्या रबरावर ते टिकत नाही, ओरिजिनल नळी घ्या आणि क्लिपही नवीन घ्या.

नळी बदलली आणि मग कोड क्लिअर केला, या क्रमाने. चावी ऑन, इंजिन बंद, क्लिअर, १० सेकंद थांबून चावी ऑफ, परत ऑन करून कोड खरंच गेला का ते बघा. चालू इंजिनवर बऱ्याच गाड्या क्लिअरची कमांड घेतच नाहीत. खरं तर दुरुस्ती झाली असेल तर क्लिअर नाही केलं तरी चालतं, लागोपाठ ३ ट्रिपला दोष दिसला नाही की लाइट आपोआप विझते आणि साधारण ४० वेळा इंजिन थंडाचं गरम झालं की कोडही वहीतून जातो. मी क्लिअर केलं ते शिकलेले जुने ट्रिम शून्यावर यावेत म्हणून. आणि बॅटरी काढून क्लिअर करू नका, वर सांगितलं तसं आयडल बिघडतं, घड्याळ-रेडिओ-काचांचं सेटिंग जातं आणि हाती काही लागत नाही.

आता लाइट लुकलुकत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. लुकलुकणारी लाइट म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) इतका चाललाय की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, जागा बघून बाजूला घ्या, शक्यतो टो करून न्या. कोड पी ०३०१ ते ०३०४ मधला असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर. इंजिन गार झाल्यावर त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) शेजारच्या सिलिंडरला लावा, कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली, जागेवरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. हे अदलाबदलीचं काम फुकट आहे आणि तेवढं न करता चारही कॉइल बदलू नका.

सीएनजीवाल्यांसाठी, कारण आपल्याकडे त्या गाड्या खूप आहेत. बाहेरून किट बसवलेलं असेल तर कोड पेट्रोलवर येतोय की गॅसवर हे आधी वेगळं करा. टाकी अर्धी पेट्रोलने भरा आणि ४-५ दिवस फक्त पेट्रोलवर चालवा, लाइट आली नाही तर दोष गॅसच्या ट्यूनिंगमध्ये, रिड्यूसरमध्ये (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) किंवा गॅसच्या इंजेक्टरमध्ये आहे आणि किटवाल्याकडे लॅपटॉप लावून गॅसचं सेटिंग परत जुळवून घ्यायला पाहिजे. पेट्रोलच्या ईसीएमला गॅस दिसत नाही, त्याला फक्त ट्रिम दिसतो.

ई २० पेट्रोलचाही यात एक हात आहे आणि तो घाबरण्यासारखा नाही, समजून घेण्यासारखा आहे. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्याला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त ओतावं लागतं आणि जुन्या हिशोबाच्या गाडीत लाँग टर्म ट्रिम काही टक्के अधिककडे सरकलेलाच राहतो. एरवी ईसीएम ते सांभाळून घेतं. पण नळीला आधीच बारीक चीर असेल तर ईसीएमकडे जी ढील शिल्लक होती ती यात वापरली जाते आणि गेल्या वर्षी न येणारा कोड या वर्षी येतो. तेव्हा पेट्रोलला शिव्या देऊन थांबू नका, चीर शोधा.

पावसाळ्यात आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की एकदम ३-४ वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले कोड येतात. तेव्हा पहिलं काम बोनेट उघडून उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघायच्या, ऑक्सिजन सेन्सरच्या आणि इंजेक्टरच्या बारीक वायरी त्यांना सहज सापडतात. दुसरं काम बॅटरी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर ईसीएमला वाट्टेल ते दिसू शकतं. असे कोड लिहून घ्या, वायर-बॅटरी नीट करा, मग क्लिअर करा आणि काय परत येतंय तेवढ्याचाच पाठपुरावा करा. सेन्सर बदलायची घाई इथे सगळ्यात महाग पडते.

आपल्याकडे पीयूसीला सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात, त्यामुळे लाइट चालू असूनही पीयूसी पास झाल्याचं बघितलंय. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तिकडे तपासणीत थेट ओबीडी सॉकेटला जोडतात. तो आदल्या रात्री कोड क्लिअर करून गेला आणि परत पाठवला गेला, कारण लाइट नसली तरी मॉनिटर सगळे अपूर्ण दिसत होते. त्याचा कोड होता पी ०४५७, पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल. झाकणाचं रबर बदललं, आठवडाभर गावात आणि हायवेवर मिळून नेहमीसारखी गाडी चालवली, मॉनिटर रेडी दिसायला लागल्यावर परत गेला आणि पास झाला. तिकडे असाल तर तपासणीच्या आदल्या दिवशी काहीही क्लिअर करू नका.

माझ्या गाडीचं सांगायचं तर नळी बदलली त्याच संध्याकाळी त्र्यंबक रोडला ४० किलोमीटर फिरवून आणली, शनिवारी कसारा घाट खाली-वर केला, सोमवारी सगळे मॉनिटर रेडी, पेंडिंगमध्ये काही नाही. त्यानंतर ३८०० किलोमीटर झाले. काढलेला ऑक्सिजन सेन्सर डब्यात ठेवलाय, चांगला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी गरम करून आयडलचा लाँग टर्म बघतो आणि सर्व्हिसच्या वहीत मागच्या पानावर लिहितो, या वेळी अधिक ४.७ होता.